चपलेचं निमित्त

आई, तुम्ही जाऊन आज सव्वीस दिवस झाले आणि तुमचा दिनू कालपर्यंत अनवाणी फिरत होता.

तेराव्यापर्यंत मी तोंड उघडलं नाही. दिवस करणाऱ्यानं पायात काही घालायचं नसतं, कबूल. पण तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं, पाहुणे आपापल्या गाड्या पकडून गेले, तरी हा मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात तसाच जायचा. खाली ओली फरशी, बर्फाच्या कपच्या, माशांचे काटे, मोडक्या ट्रेचे खिळे. शेजारच्या वहिनी परवा डोळे पुसत म्हणाल्या, "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं." मी मान हलवली आणि घरात आले. काय सांगणार त्यांना? की ही भक्ती नाही, ही शिक्षा आहे, आणि तीही चुकीच्या माणसाला?

जिच्यामुळे तुम्ही गेलात असं सगळे समजतात, ती चप्पल त्यानं आणली होती. मारुती मंदिरापाशी चार दुकानं फिरून, मऊ तळव्याची, साखर असलेल्या माणसांसाठी मिळते तसली. आणि तुम्ही मला शपथ घालून ठेवलीत, की कुणी विचारलं तर चप्पल चावली म्हणायचं.

हे मी आपल्या सईच्या शाळेच्या जुन्या वहीत लिहितेय आणि वही साड्यांखाली ठेवणार आहे. कुणाला दाखवायची नाही. समोर बसून तुमच्याशी बोलायची माझी टाप नव्हती असं नाही, तोंड मला चांगलं आहे, तुम्हीच म्हणायचात. पण तुम्ही ऐकून घेत नव्हतात. बोलायला लागलं की उठून चहा टाकायचात. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही, तर सगळं ऐका.

मी लग्न होऊन आले तेव्हा अर्ध्या रत्नागिरीला तुम्ही इंदूमावशी होतात. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आधी तुम्हाला फोन, मग बाकीची खरेदी. तुमचं काम मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरलेच होते. तुम्ही पाटावर पाय लांब करून बसलात, तेलानं चकचकीत झालेलं वीतभर बाळ नडग्यांवर पालथं घातलंत आणि तांब्यानं कढत पाणी सोडायला लागलात. बाळ किंचाळत होतं, त्याची आई दाराआड रडत होती आणि तुम्ही आपल्या गात होतात. पाच मिनिटांनी ते कुंचीत गुंडाळलेलं गाठोडं असं काही झोपलं की मला वाटलं काहीतरी झालं त्याला. तुम्ही हसलात. मग बाळंतिणीची पाठ, कंबर, पोटऱ्या, शेवटी धुरी. जिला न्हाऊ घातलंत तिच्या लेकरालाही तुम्हीच न्हाऊ घातलंत, अशी किती घरं.

मी मालिशचा कोर्स केला आणि आयुर्वेदाच्या केंद्रात लागले, तेव्हा तुम्हाला गंमत वाटली होती. दहा ते सहा, दिवसाला सात-आठ बायका. मासळीच्या टोपल्या वाहून दगड झालेले खांदे, खुर्चीत बसून आखडलेल्या माना, मुंबईहून आलेल्या पाहुण्या ज्यांना कुठेच काही दुखत नसतं. संध्याकाळी माझ्या अंगठ्यांची पेरं सुजलेली असायची. "तुझ्या टेबलावर माणसं झोपतात," तुम्ही म्हणायचात, "माझ्या पायांवर माणसं मोठी होतात." मला राग यायचा, पण वाक्य फक्कड होतं, मी केंद्रात सगळ्यांना सांगितलं.

धावायला मी लागले ते याच अंगठ्यांमुळे. दिवसभर दुसऱ्याच्या अंगाचा विचार करायचा, कुठे गाठ आहे, कुठे जोर द्यायचा, कुठे नाही द्यायचा, घरी येऊन पुन्हा सगळ्यांच्या पोटाचा. माझं अंग माझ्या वाट्याला यायचंच नाही. पहाटे साडेपाचला भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्यावर उतरले की तासभर ते माझं असायचं. कोणाला हात लावायचा नाही, कोणी मला लावायचा नाही. तुम्ही पहिल्या दिवशी विचारलंत, "कोण मागं लागलंय गो तुझ्या?" पण खालच्या अंगाला राहणारी ती बाई जेव्हा माझ्या धावायच्या टी-शर्टावरून बोलली, तेव्हा तुम्हीच तिला कुंपणावरून ऐकवलंत, की माझ्या सुनेच्या पायांत जोर आहे, तुझा सगळा तोंडात आहे. हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. वहिनींनी सांगितलं. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आता मानते.

आणि मग ती तेलाची वाटी.

दीड वर्ष झालं. तुम्ही चष्मा घरी विसरलात म्हणून मी द्यायला आले, परटवण्यातल्या त्या घरी. आजीबाईंनी गॅसवरून खोबरेलाची वाटी उतरवून तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही तीन बोटं बुडवलीत आणि म्हणालात, "कोमट आहे." वाफ मला दारातून दिसत होती. मी वाटी उचलली तर माझा हात भाजला. बाळ चटईवर उघडं पडलं होतं, पंधरा दिवसांचं. मी म्हटलं, आई, थांबा जरा, मला बघायचंय तुम्ही कसं लावता ते, आणि बोलत बोलत तेल निवू दिलं. त्या दिवशी मला घाम फुटला होता तसा एकवीस किलोमीटर धावूनही कधी फुटला नाही.

परत येताना वळणावर मी तुम्हाला थांबवलं. पदराची पिन काढली, तुमचा हात धरला. "डोळे मिटा," मी म्हटलं. तुम्ही मिटलेत. "टोचलं?"

"टोचलं. मेली, किती जोरात टोचतेस."

"आई, मी अजून टोचलेलंच नाही."

तुम्ही डोळे उघडले नाहीत. रिक्षा हॉर्न देऊन गेली तरी नाही. मग म्हणालात, "हात गेले तर मी काय करू गो?" इतक्या वर्षांत तुम्ही मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता, आणि मी तिथेच फसले. तिथे मला म्हणता आलं असतं, आता बस, खूप केलंत, घरी राहा. कुणीही म्हणालं असतं. मी म्हटलं, उद्यापासून मी येते तुमच्याबरोबर.

सगळ्यांना सांगितलं की सून शिकतेय. बायका किती खूश झाल्या, मावशींचा हात पुढे चालणार म्हणून. मी तेल नेऊन देणार, पाणी काढून देणार. बादलीत कोपर बुडवून बघायचं. बरोबर असेल तर मी म्हणायचे, "पाट मांडू?" कढत असेल तर म्हणायचे, "विसण घालते हं," आणि गार पाण्याचा तांब्या ओतायचे. तुम्ही ऐटीत मान डोलवायचात, जसं काही तुम्हीच मला परीक्षेला बसवलंत. बाळाच्या अंगावरून तुमचा हात फिरायला लागला की मात्र मी बघत राहायचे. बोटांना काही कळत नसताना तो हात चुकत नव्हता. जोर मनगटातून यायचा, खांद्यातून यायचा, तो कुठे गेला नव्हता. फक्त ऊन-गार तेवढं गेलं होतं.

माझी सकाळ संपली. पहाटे धावायच्या वेळेला आता सईचा डबा, दिनूचा डबा, सात ते साडेनऊ तुमची घरं, दहाला केंद्र. संध्याकाळी भाट्याला गेले तर भेळेच्या गाड्या आणि फोटो काढणारे पाहुणे, त्यांच्यातून वाट काढत धावायचं, तेही जमलं तर. मी कधी बोलले नाही. नाही, खोटं कशाला लिहू, बोलले. एकदा भांडी आपटली आणि म्हटलं, मी काय तुमचं थर्मामीटर आहे? तुम्ही उठून चहा टाकलात. माझ्यासाठीही टाकलात, आलं घालून.

डॉक्टरकडे चला म्हणून मी किती मागे लागले. गोळ्या चालू आहेत, झालं, एवढंच तुमचं उत्तर. आणि पाय. आई, पायांवरून आपण दोनदा भांडलो, ते भांडण माझ्याकडे अजून तसंच पडलंय. मी म्हटलं होतं, द्या पाय, चोळून देते. तुम्ही साडी घोट्याखाली ओढलीत. "सुनेकडनं पाय चोळून घेऊ? अजून हिंडतेय मी." मी म्हटलं, अहो रोज परक्यांचे चोळते. "मग त्यांचेच चोळ." सगळ्या गावाच्या अंगाला हात लावलेली बाई स्वतःला कुणाला हात लावू देत नव्हती. मीही फणकाऱ्यानं उठले. म्हटलं, नको तर नको, माझे अंगठे तरी वाचले.

साखर असलेल्या माणसाचे पाय आधी जातात, हात नंतर. बोटं बधिर झाली म्हणजे पाय केव्हाच झालेले असणार. हे मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगते. रोज रात्री तळवे बघा, आरसा धरून बघा, ऊन पाण्यात पाय घालू नका. पाठ आहे मला. आणि माझ्याच घरात, माझ्यासमोर रोज पाय लांब करून बसणाऱ्या बाईचे हात तेवढे मला दिसले. तुमच्या पायांना मी सणावारी नमस्कारापुरता हात लावला. ही चूक दुसऱ्या कुणाला माफ झाली असती. माझं तर कामच ते आहे.

चिपळूणच्या शर्यतीचं तुम्हीच काढलंत. मी नाव दिलं होतं आणि मग सोडून दिलं होतं, कारण रविवारी एक घर होतंच. तुम्ही म्हणालात, "जा. बहिणीकडं राहा, धाव, ये." मी नको म्हटलं. "एका रविवारानं मी काय मरत नाही," तुम्ही म्हणालात. हे वाक्य तुम्ही बोलायला नको होतं, आई.

शनिवारी दुपारच्या एसटीनं मी गेले. रविवारी पहाटे बहिणीच्या ओट्यावर बूट बांधताना फोन हातात होता. त्या बाळंतिणीचा नंबर होता माझ्याकडे. तिला एवढंच सांगायचं होतं, "आज पाणी तू बघून दे हं मावशींना." मी लिहिलंसुद्धा. मग वाटलं, ही विचारेल, का? मग मी काय सांगणार? मग तिची सासू तिच्या बहिणीला सांगणार, आणि आठवड्यात सगळ्या गावात, की इंदूमावशींना ऊन-गार कळत नाही. मी ते पुसलं आणि धावायला गेले.

आता जे लिहिते ते मी दिनूलाही सांगितलेलं नाही. वाशिष्ठीचा पूल मागे पडल्यावर, अकराव्या किलोमीटरच्या आसपास, मी तुम्हाला विसरले. तुम्हाला, घराला, केंद्राला, पाण्याच्या बादलीला. श्वास आणि पाय एवढंच होतं. दीड वर्षानं माझी सकाळ मला मिळाली होती आणि मला इतकं बरं वाटलं की मी एकटीच हसत होते. त्याच सुमारास तुम्ही पाटावर बसला असाल.

घरी आले तर तुम्ही खाटेवर बसून लसूण सोलत होतात. "आलीस?" म्हणालात. पाय साडीत. शर्यत किती वेळात झाली ते विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही, थकले होते. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी आपण बरोबर घरं केली. तुम्ही लंगडत नव्हतात. दुखतच नव्हतं, तर लंगडणार कशाला? गुरुवारी तुमची चादर धुवायला काढली तेव्हा पायथ्याशी पिवळा डाग दिसला.

मी साडी वर केली. या वेळी विचारलं नाही. उजव्या पावलावर, वरच्या बाजूला, चपलेचा पट्टा येतो तिथेच, कातडी सोलून गेली होती. वर हळद आणि खोबरेल थापलेलं.

"काय केलंत हे?"

"काही नाही गो. पाणी बघितलं."

"म्हणजे?"

"तू नव्हतीस. मग बाळाला तसंच कसं घालू? आधी माझ्या पायावर ओतलं. लाल होतं का बघितलं. न्हाणीत उजेड कमी, नीट दिसेना, म्हणून आणखी एक तांब्या ओतला." मग तुमचा चेहरा खुलला. "विसण घातलं आणि मग बाळाला घेतलं. काही झालं नाही त्याला. मस्त झोपलं."

तुम्हाला अभिमान वाटत होता. मला तुमचा इतका राग आला की मी चादर तिथेच टाकून मागच्या दारी जाऊन बसले. कुणाला सांगता आलं नाही तुम्हाला, की पोरी, जरा हात घालून बघ? चार शब्द. पण मग मला माझा पुसलेला निरोप आठवला आणि मला तुमच्यावर ओरडायला तोंड उरलं नाही. तुम्ही बोलला नाहीत, मीही बोलले नव्हते.

तिथेच तुम्ही मागे येऊन उभ्या राहिलात आणि मला बांधून घातलंत. "चप्पल चावली म्हणायचं. नवीनच आहे, कुणालाही पटेल. दिनूला तर सांगायचंच नाही." मी म्हटलं, डॉक्टरला खरं सांगणार. "डॉक्टरला सांग. घरात नको." का ते तुम्ही दवाखान्यात सांगितलंत, सलाईन चालू असताना. ज्या पोरींनी दीड वर्ष तुमच्या हातात लेकरं दिली, त्यांच्या पोटात गोळा येईल म्हणून. आणि मग, खाली बघत, "तुझं पण नाव येईल त्यात. तू त्या दिवशी कुठं होतीस, विचारतील."

म्हणजे त्या खोट्यात माझीही सोय तुम्ही लावून ठेवली होतीत. मला विचारलंत का? नाही. नको होती मला ती सोय. पण मी गप्प बसले, तेव्हा हवीच असणार.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जखम काळी पडली, डॉक्टर दोन बोटं काढू या म्हणाले, तुम्ही नाही म्हणालात, मग हो म्हणालात, तोवर विष अंगभर गेलं होतं. सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत तुमच्या हातांना तेल लावायला तुम्ही मला दिलंत, पहिल्यांदा. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे, खरंच आहे. तुमचे तळवे माझ्यापेक्षा मऊ होते.

लोक भेटायला आले की म्हणायचे, "शेवटी चपलेचं निमित्त झालं." आणि दर वेळी दिनू उठून बाहेर जायचा. दिवस झाल्यावर त्यानं ती चप्पल पिशवीत घातली आणि भाट्याच्या पुलावरून खाडीत टाकून आला. मला वाटलं, संपलं. पण पायात काही घालेना. मी बूट पुढे ठेवले तर बाजूला सारले. खरं सांगावं तर तुमची शपथ मोडते, तुमचं नाव जातं, आणि माझ्या नवऱ्याला कळतं की त्याची आई जळत होती तेव्हा मी चिपळुणात धावत होते. न सांगावं तर हा माणूस जन्मभर समजणार की आपण कौतुकानं आणलेल्या चपलेनं आई मारली. कुठेही वळलं तरी भिंतच.

त्यात फोन. तीन घरांनी विचारलंय, वैशाली, तू येशील ना, मावशींचा हात तुझ्यात आलाय. त्यातलं एक त्या रविवारचंच घर. ती मुलगी फोनवर रडली. म्हणाली, मावशी गेल्यापासून बाळ अंघोळीनंतर तसं झोपत नाही. मी तिला हो म्हटलं. नाही म्हणायला कारण काय सांगू? त्या रविवारनंतर मी धावलेले नाही. बूट दाराशीच आहेत, सईनं एकदा पुसून ठेवले.

काल दिनू घरी आला तो लंगडत. ट्रेचा खिळा गेला होता टाचेत. मी गरम पाण्यात कापड भिजवून पाय पुसायला बसले. कोपर बुडवून पाणी बघितलं, सवयीनं. तो म्हणाला, "राहू दे. दुखू दे."

"वेडा झालायस का?"

"मी रोज विचारायचो तिला," तो म्हणाला. "रोज. आई, चप्पल कशी आहे? मस्त आहे, म्हणायची. मला वाईट वाटू नये म्हणून तसलीच घालून हिंडली. किती दिवस दुखलं असेल तिला, आणि मी विचारतोय, कशी आहे."

आई, तुम्हाला हे माहीत नव्हतं. मला वाटतं, माहीत असतं तर तुम्ही शपथ घातली नसतीत. तुम्ही सगळ्यांचा विचार केलात, त्या पोरींचा, त्यांच्या लेकरांचा, माझासुद्धा. त्याचा करायचा राहिला. तो कधी काही मागत नाही म्हणून आपण दोघींनी त्याला वगळलं.

आज सकाळी मी त्याला सांगितलं. सई शाळेत गेल्यावर, "अरे, बस जरा," म्हटलं आणि सगळं सांगितलं. तेलाची वाटी, पिन, दीड वर्ष, चिपळूण, पुसलेला निरोप, पाण्याचे दोन तांबे. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलले नसते, म्हणून थांबले नाही. त्याच्या हातात डब्याची पिशवी होती, ती त्यानं खाली ठेवलीच नाही.

माझं बोलून झाल्यावर त्यानं काल टाचेला बांधलेल्या पट्टीकडे बघितलं.

"म्हणजे दुखलं नाही तिला," तो म्हणाला.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही. नसा गेल्या की नाही दुखत. माझं रोजचं काम आहे ते, मला माहीत आहे."

तेव्हा तो रडला. तुम्हाला नेलं त्या दिवशी रडला नव्हता, पिंडाला कावळा शिवला तेव्हा नाही, आज रडला, डब्याची पिशवी पोटाशी धरून. मी वाट बघत होते. आता विचारेल, तू का गेलीस. आता विचारेल, फोन का नाही केलास. मी तयार होते. त्यानं विचारलं नाही. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, उठला, कोपऱ्यातल्या माझ्या रबरी सपाता पायात सरकवल्या, टाचा अर्ध्या बाहेर. दारात जाऊन थांबला.

"लोकांना चप्पलच सांगायचं," तो म्हणाला. "मी आणलेली."

आणि कामावर गेला.

मला वाटलं होतं, तुमचा शब्द एकदा मोडला की मी सुटेन. तुम्ही मला एकटीला कोंडून गेला होतात, आई. तो आपणहून आत आला आणि त्यानं आतून कडी लावली.